मुकादमचा जबडा

४ मार्च

प्रिय बबीस,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

काल दुपारी पायाखाली दोन उशा घेऊन पडले होते, तेव्हा उगाचच आपल्या कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्या आठवल्या. मधली सुट्टी, मी सातवीत आणि तू पहिलीत. तू पावाच्या कडा सोलून माझ्या डब्यात टाकायचीस आणि मी त्या निमूट खायचे, कारण डब्यात उरलेलं सिस्टरांना चालायचं नाही. त्या दिवशी घडलं काहीच नव्हतं. ऊन होतं, तुझा एक मोजा घसरून घोट्यावर आला होता आणि तू तो वर ओढायला तयार नव्हतीस. एवढंच आठवलं आणि मला रडू कोसळलं. मग लक्षात आलं की मी मोज्यासाठी नाही, मुकादमसाठी रडते आहे.

शिंपीकाकांनी त्याला तुझ्या दवाखान्यात पोचवलं तेव्हा काय सांगितलं असेल देव जाणे. काका शिवणीत ठेवतात तशी बोलण्यातही इंचभर माया ठेवतात. तेव्हा खरं ते माझ्याकडून ऐक. सोमवारी सकाळी बेकरीच्या कोपऱ्यावर एक टेम्पो मागे येत होता. त्याचा हॉर्न मला ऐकू आला नाही. मुकादमने साखळीला हिसका दिला, मी पडले, साखळी हातातून सुटली आणि तो टेम्पोखाली आला. त्याने मला वाचवलं, असं काका सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत. मला वाटतं तो नुसता घाबरला होता. माझा घोटा मोडला, प्लास्टर सहा आठवडे आहे. त्याचं तोंड मात्र मी पाहिलं आणि पुन्हा पाहवेना.

बबे, तू आयुष्यभर कुत्र्यांचे मोडके जबडे जोडत आलीस. मला बाकी काही नको. तो पुन्हा आपल्या तोंडाने खाऊ लागावा आणि घरी यावा. हे गेल्याला आता दीड वर्ष होईल. या घरात माझ्याखेरीज श्वास घेणारं तेवढंच एक उरलं आहे.

फोनवर मला अर्धंमुर्धं ऐकू येतं, म्हणून सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देते आहे. तूही तसंच पाठव. तुझ्या हातांवर भरवसा आहेच, तुझा लोभही असू दे.

तुझी,
ताई

५ मार्च

ती. ताईस,
बबीचा नमस्कार. धपाटा पोचला. मोजा घसरला नव्हता, त्याचं इलॅस्टिक गेलं होतं. तो आधी तुझा मोजा होता.

तुझा मुकादम शुद्धीवर आहे. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडला आहे, उजवीकडे सुळ्याजवळ आणि डावीकडे दाढांच्या मागे. टाळूला उभी चीर गेली आहे. मी लगेच हात घातला नाही म्हणून रागावू नकोस. गाडीखाली आलेल्या कुत्र्याच्या तोंडाकडेच सगळे बघत राहतात, आणि ते जातं छातीच्या नाहीतर डोक्याच्या माराने. म्हणून दोन दिवस त्याचा श्वास आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघत बसले आहे. दोन्ही ठीक आहेत. तोंडाला आधाराला सैल पट्टी आहे. मानेच्या बाजूने अन्ननलिकेत एक नळी घातली आहे, त्यातून पातळ अन्न जातं. त्याला हा प्रकार पसंत नाही, पण भूक त्याहून जास्त आहे.

आता एका गोष्टीचं उत्तर नीट विचार करून दे. अपघाताआधी त्याचे दात एकमेकांवर कसे बसत होते? जबडा जोडताना मी हाडाकडे फारसं बघत नाही, दातांकडे बघते. वरचे आणि खालचे दात पूर्वीसारखे मिळाले की हाड आपसूक जागेवर येतं. पण पूर्वीसारखे म्हणजे कसे, हे घरच्या माणसालाच ठाऊक असतं. मी त्याला पाहिलं ते एकदाच, भावोजी गेले तेव्हा, आणि तेव्हा तो चार दिवस पलंगाखाली होता. समोरून काढलेला एखादा फोटो असेल तर तोही पाठव.

पाय खाली सोडून बसू नकोस. तुला सांगून उपयोग नाही हे ठाऊक असूनही सांगते आहे.

आहेस तशीच माझ्यावर माया करत राहा.
बबी

६ मार्च

प्रिय बबीस, आशीर्वाद.

मुकादमचे दात छान मिळत होते. खालचे वरच्यांच्या किंचित आत, पुस्तकात दाखवतात तसे. तोंड मिटलं की एकही दात दिसायचा नाही.

समोरून काढलेला फोटो काही सापडला नाही. ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसलेला एक पाठवते. दोघंही उजवीकडून आहेत, पण झकास आलेत. मुकादम हे नाव ह्यांनी का ठेवलं ते तुला सांगितलं होतं का? पिल्लू असल्यापासून तो छापखान्यात ह्यांच्या मागोमाग फिरायचा आणि प्रत्येक यंत्रापाशी थांबून काम बघायचा. कामगार म्हणायचे, पगार न घेणारा असा मुकादम पुन्हा मिळणार नाही.

तू ऑपरेशनच्या वेळी तो जुना चष्मा लावू नकोस. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे हे मला शिंपीकाकांनी सांगितलं.

तुझी, वाट बघत असलेली,
ताई

१० मार्च

ती. ताईस, नमस्कार, आणि आनंदाची बातमी.

काल ऑपरेशन झालं. साडेचार तास उभी होते, आज कंबर माझी राहिलेली नाही. एरवी भुलीची नळी तोंडातून घालतात, पण मग तोंड मिटता येत नाही आणि दात मिळाले की नाही ते कळत नाही. म्हणून जबड्याखाली छोटं छिद्र पाडून नळी तिथून बाहेर काढली. आधी टाळू शिवला. मग तोंड मिटायचं, बघायचं, उघडायचं, तार जराशी पिळायची, परत मिटायचं. किती वेळा ते मोजलं नाही. दातांभोवती तारा आहेत आणि त्यांच्यावर दातांच्या सिमेंटचं आवरण. शेवटी वरचे आणि खालचे सुळे एकमेकांना चिकटवून टाकले, मध्ये बोटभर फट ठेवून. म्हणजे तीन आठवडे जबडा हलायचा नाही, पण जिभेने पातळ चाटता येईल. आज सकाळी त्याने चाटलं. अर्धं माझ्या एप्रनवर आलं, अर्धं पोटात गेलं.

एक गंमत सांगते. आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाई फार चिकित्सक आहेत. याचे पुढचे दात एकाच बाजूने का झिजलेत, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, फायलीत माझ्या बहिणीचं पत्र लावलेलं आहे, आणि माझ्या बहिणीला शाळेत खरं बोलण्याचं बक्षीस सलग पाच वर्षं मिळालेलं आहे. त्यावर बाई भुलीच्या यंत्राकडे वळल्या.

तुझी पत्रं आली की उघडण्याआधी मी ती त्याला हुंगायला देते. तो पाकिटाच्या कडेला नाक लावून बराच वेळ तसाच राहतो.

लोभ वाढला तर माझी हरकत नाही.
बबी

१५ मार्च

प्रिय बबीस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. सविस्तर लिहायचं होतं, पण घोटा ठणकतो आहे. सोबत मिक्सर पाठवते, त्याचं अन्न त्यात चांगलं बारीक होईल. शिंपीकाका रोज जिना चढून विचारपूस करतात आणि बसतात तासभर. काल म्हणाले की वहिनी, तुमचा चेहरा उतरलाय. मी म्हटलं, उन्हाळा आहे.

जबडा एकदा बसवला की पुन्हा हलवता येतो का गं? सहज विचारते आहे.

ताई

१ एप्रिल

ती. ताईस, नमस्कार.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

काल सुळे सोडवले आणि सिमेंट काढलं. जबडा मोकळा झाला तसा तो हळूच डावीकडे सरकला आणि तिथेच थांबला. उजवीकडचं हाड जुळलं आहे. डावीकडचं जुळलेलं नाही. टोकाचं हाड मेलं आहे, आत पू आहे. कानापुढच्या सांध्याला बोट लावलं तरी तो कण्हतो. तीन आठवडे तो सांधा कोणीतरी मुरगळून धरावा तसा ताणलेला होता, असं दिसतं.

मला समजत नाही, ताई. दात अगदी बरहुकूम बसवले होते. सव्वीस वर्षं हे काम करते आहे. डॉक्टरबाई टेबल पुसत होत्या आणि टेबल स्वच्छच होतं. कदाचित तारा पिळताना माझा हात हलला असेल. हल्ली उजवा अंगठा कधीकधी थरथरतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दुसरं ऑपरेशन करावं लागेल. ते मी न करता दुसऱ्या कोणाला बोलवावं असं वाटतं, आणि खरं तर हे काम आता सोडावं असंही.

तू काळजी करू नकोस, असं लिहायला हवं. लिहवत नाही.

बबी

२ एप्रिल

बबे,

तुझा हात हललेला नाही. आधी हे वाच, मग बाकीचं.

मुकादमचा खालचा जबडा जन्मापासून डावीकडे होता. तोंड मिटलं तरी डावीकडचा सुळा ओठाबाहेर राहायचा. दात पुस्तकातल्यासारखे कधीच नव्हते. मी तुला खोटं लिहिलं.

का, ते सांगते. त्याने काही भरून येत नाही, तरी सांगते. लग्नानंतर दोन वर्षांनी ह्यांचा चेहरा एका रात्रीत डावीकडे ओढला गेला होता, तुला आठवत असेल. तू तेव्हा कॉलेजात होतीस. तो पुरता सरळ कधी झालाच नाही. ह्यांनी त्याचा उच्चार केला नाही आणि मीही केला नाही. आमच्या घरात वाकडं हा शब्द त्या दिवसापासून गेला. भिंतीत खिळा नीट लागला नाही तर आम्ही म्हणायचो, तो जरा बाजूला गेलाय. फोटो काढायचा तर हे उजवी बाजू पुढे करून बसायचे. छापखान्याच्या दारात पाच पिल्लं सोडून दिलेली होती, त्यातलं ह्यांनी हेच उचललं. का, ते मी विचारलं नाही. एका कामगाराने पिल्लाच्या तोंडावरून थट्टा केली तर हे आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. मग मुकादमचे फोटोसुद्धा आम्ही उजवीकडूनच काढायला लागलो.

तुझा प्रश्न वाचला तेव्हा हे खुर्चीत बसून बघताहेत असं वाटलं. मी लिहिलं, छान मिळत होते. वाटलं, दातांचं असं काय मोठं, बबी ते बरोबर करील आणि झालाच तर त्याचा जबडा आधीपेक्षा चांगला होईल. खरंच वाटलं होतं तसं. मग तू झिजलेल्या दातांचं लिहिलंस आणि मला कळलं. पंधरा तारखेला सगळं सांगायला बसले आणि मिक्सरचं लिहून पत्र संपवलं.

दुसऱ्या कोणाला बोलवू नकोस. तूच कर.

ताई

४ एप्रिल

ती. ताईस,

तुझं पत्र वाचलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि बाहेर बसलेली सगळी जनावरं तपासून संपवली. खूप रागावले होते. एका मांजराचा ताप उगाच दोनदा बघितला.

मग फाईल काढली. झिजलेल्या दातांचे फोटो मीच काढले होते. ती झीज एवढी स्पष्ट आहे की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसावी. डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं. ताई, तू एक ओळ लिहिलीस. मी साडेचार तास त्याच्या तोंडात बघत होते. दात समोर होते आणि मी पत्रावर विसंबले, कारण अक्षर तुझं होतं. तेव्हा ही चूक आपली दोघींची आहे. तू ती एकटीने उचलून नेऊ नकोस, तुझा घोटा मोडलेला आहे.

काल नुसतं गुंगीचं औषध देऊन त्याच्या दातांचे प्लास्टरचे ठसे घेतले. वरचा आणि खालचा ठसा हातात धरून फिरवत राहिले. जबडा डावीकडे नेला की झिजलेले दात किल्लीसारखे एकमेकांत बसतात. आता मला त्याची जागा कळली आहे. उद्या मेलेलं हाड काढून धातूची पट्टी बसवेन आणि जबडा त्याच्या स्वतःच्या जागेवर ठेवेन. सुळे पुन्हा काही दिवस चिकटवावे लागतील. तो अशक्त आहे, दुसरी भूल आहे. हे तुला सांगायलाच हवं.

अंगठा थरथरत नाहीये.

बबी

९ एप्रिल

ताई,

आज मायन्यात काही लिहायला सुचत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. जबडा त्याच्या जागी बसला. दात मिटले तेव्हा बारीकसा आवाज आला, आणि डॉक्टरबाई मास्कच्या आत हसल्या हे त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. सोमवारी आणि मंगळवारी सकाळी त्याने वाटीभर चाटलं. सांध्याला हात लावू दिला. डावा सुळा ओठाबाहेर होता. मी त्याला म्हटलं, आता कसा मुकादम दिसतोस.

मंगळवारी दुपारी साडेतीनला त्याला उलटी झाली. सुळे चिकटवलेले असले की आम्हाला याचीच धास्ती असते, म्हणून कटर पिंजऱ्याला टांगून ठेवलेला असतो. मी शेजारच्याच खोलीत होते. तोंड मोकळं करायला चार मिनिटंही लागली नाहीत. पण तेवढ्यात उलटी फुप्फुसात गेली होती. दोन दिवस ऑक्सिजन दिला, औषधं दिली. बुधवारी फोन हातात घेतला होता. शिंपीकाका जिना चढून तुझ्या कानाशी ओरडून हे सांगतील, असं डोळ्यांपुढे आलं आणि परत ठेवून दिला. ठेवायला नको होता. प्लास्टर असो की नसो, तू आली असतीस.

आज सकाळी सव्वाअकराला तो गेला. माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून पडला होता, म्हणून मी तासभर उभीच होते. दवाखान्यामागे, भिंतीला लागून, सावलीत पुरला आहे.

पहिल्यांदाच जबडा बरोबर बसवला असता तर दुसरी भूल लागली नसती. कदाचित पहिल्या वेळीही उलटी झाली असती. मी दोन्ही वाक्यं रोज म्हणून बघेन.

त्याचं सामान इथे आहे. काय करू ते कळव. मी सोमवारपासून सुट्टी टाकली आहे, किती दिवसांची ते लिहिलेलं नाही.

बबी

१४ एप्रिल

प्रिय बबीस,
ताईचे आशीर्वाद, पूर्वी होते तितकेच.

तुझं पत्र आलं तेव्हा शिंपीकाका इथेच होते. मी वाचून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग उठून त्यांनी मुकादमचं पाण्याचं भांडं मोरीत नेऊन ओतलं. मला ते पाच आठवडे जमलं नव्हतं, मी रोज त्यात पाणी बदलत होते.

काल प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय आणि माझा वाटत नाही. दारापर्यंत जाऊन आले. रस्त्यावर पाऊल टाकलं नाही.

तुझी दोन्ही वाक्यं मीही म्हणते. माझ्याकडे तिसरं एक आहे. त्या दिवशी मी लिहिलं असतं की बबे, त्याचं तोंड वाकडं आहे, तर ह्यांचा काही अपमान झाला नसता. ह्यांनी त्याला त्या तोंडासकट उचलून आणलं होतं. मी ते तोंड लपवलं, आणि वाटलं की मी ह्यांना जपते आहे. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्या माणसाला मी एवढंच ओळखलं होतं का, हे आता कोणाला विचारू? घरात मोठ्याने म्हणून बघितलं, वाकडं. काही झालं नाही. खुर्ची होती तिथेच होती.

तू सुट्टी मोडायची. ही मोठ्या बहिणीची आज्ञा समज. पुढचा मोडका जबडा टेबलावर येईल तेव्हा तू हात धुऊन तिथे उभी असायला हवीस. आता तुला जे कळलं आहे ते दुसऱ्या कोणाला इतकं चांगलं कळलेलं नाही, आणि त्याची किंमत तू मोजली नाहीस, मीही नाही, मुकादमने मोजली. ती वाया घालवायचा आपल्याला अधिकार नाही. अंगठा थरथरला तर डॉक्टरबाईंना सांग. मला सांगितलंस तसं त्यांनाही सांग.

सामानाचं असं कर. निळं अंथरूण आणि न उघडलेली औषधं तुझ्याकडच्या ज्या कुत्र्याला कोणी भेटायला येत नाही त्याला दे. मिक्सर दवाखान्यातल्या मावशींना, त्यांनी त्याचं अन्न एवढे दिवस वाटलं. गळपट्टा शिंपीकाकांना हवाय, बसने पाठव. ते तो कुठे ठेवणार ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. साखळी इथेच आहे, ती मी कोणाला देणार नाही. फोटो तू ठेव. ह्यांचा एक समोरून काढलेला फोटो मला ट्रंकेत सापडलाय, लग्नानंतर पाच वर्षांनी छापखान्यात कोणीतरी न सांगता काढलेला. तो मी भिंतीवर लावणार आहे.

आणि ते प्लास्टरचे दात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना दे. दोनदा विचारलं ते त्यांनीच. सोबत माझं सहा मार्चचं पत्र फायलीतून काढून त्यांच्या हाती दे, फाडू नकोस, लपवू नकोस. पुढे त्यांच्या हाताखाली कोणी शिकायला आलं तर त्यांना हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवू दे. त्यांना म्हणावं, घरच्या माणसाकडून असं सुवाच्य अक्षरात, कुठेही खाडाखोड नसलेलं उत्तर आलं की ते बाजूला ठेवायचं आणि आधी दात बघायचे.

तुझीच,
ताई